पांढुर्णा-सौसर : मराठी घर, हिंदी दफ्तर आणि मताचा कल

नागपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या महामार्गावर महाराष्ट्राची हद्द संपते, पण मराठी मुलूख संपत नाही. पाट्या हिंदी होतात, बसगाड्यांचे रंग बदलतात, तहसील कचेरीतला अर्ज हिंदीत लिहावा लागतो. मात्र घराघरांत आणि बाजारात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी तशीच सुरू राहते. सातपुड्याच्या पायथ्याशी, घाटाखाली वसलेला हा पांढुर्णा आणि सौसर (हिंदी कागदपत्रांत ‘सौंसर’) या दोन तालुक्यांचा पट्टा. ५ ऑक्टोबर २०२३ पासून तो मध्य प्रदेशाचा पंचावन्नावा जिल्हा झाला आहे. त्याआधी तो छिंदवाडा जिल्ह्यात होता आणि लोकसभेसाठी आजही छिंदवाडा मतदारसंघातच मोडतो.

या पट्ट्यातील मतदाराने गेल्या काही वर्षांत अभ्यासकांना बुचकळ्यात टाकणारा कौल दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यभर भारतीय जनता पक्षाने २३० पैकी १६३ जागा जिंकल्या, तेव्हा पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. वास्तविक, नवा जिल्हा देणारे सरकार भाजपचे होते आणि जिल्हा अस्तित्वात येऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले आणि छिंदवाडा मतदारसंघाने काँग्रेसला १,१३,६१८ मतांनी नाकारले. पाच महिन्यांत लोक बदलले नव्हते, पिके बदलली नव्हती, भाषा तर नव्हतीच नव्हती. मग बदलले काय, याचे उत्तर शोधायचे तर एखाद्या समाजाचा राजकीय कल कशाने घडतो, हा प्रश्न या दोन तालुक्यांपुरता तरी सुटा करून पाहावा लागतो.

गोव्यातील वाचकाच्या मनात पहिला विचार भाषेचा येणे स्वाभाविक आहे. गोव्यात भाषा आणि राज्य यांचा प्रश्न थेट मतपेटीत उतरला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते संघप्रदेश राखण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० मते महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने पडली. त्या विभागणीने पुढची दोन दशके पक्षांची मांडणी ठरवली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि युनायटेड गोवन्स यांच्यातील झुंज मुळात याच प्रश्नावर उभी होती. पांढुर्णा-सौसरच्या मराठी माणसाला मात्र असा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. येथील राजकारणाचा पुढचा सारा प्रवास या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होतो.

नागपूरशी तुटलेले आणि न तुटलेले नाते

हा प्रदेश मुळात देवगडच्या गोंड राजांचा. देवगडचा किल्ला छिंदवाड्याजवळ आहे आणि नागपूर शहर वसवणारा बख्तबुलंद शाह हा याच घराण्यातला. म्हणजे नागपूरने हा मुलूख जिंकण्यापूर्वी या मुलखाने नागपूर घडवले. पुढे भोसल्यांचे राज्य आले, १८५४ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले, मग मध्य प्रांत, नंतर मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि १९५० पासून नागपूर हीच राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश. या सगळ्या काळात सौसर तहसिलीचा माणूस (पांढुर्णा तेव्हा सौसर तहसिलीतच होते) कोर्टकचेरीला, शिक्षणाला, व्यापाराला आणि राजकारणालाही नागपूरला जात असे. १९३६ मध्ये स्थापन झालेले उच्च न्यायालय नागपुरात, विधानसभा नागपुरात, कापसाचे बडे व्यापारी नागपुरात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. राज्य पुनर्रचना आयोगाने सीमा आखताना साधारणतः अख्खा जिल्हा हे माप धरले होते. छिंदवाडा जिल्हा एकूण पाहता हिंदी आणि गोंडी भाषकांचा असल्यामुळे त्याची घाटाखालची मराठी तहसील त्याच्यासोबतच राहिली. बैतूल जिल्ह्यातील मुलताई आणि निमाडातील बुऱ्हाणपूर येथील मराठी वस्तीचेही तेच झाले. जिल्ह्याचे माप घेतल्याने प्रशासन सोपे झाले असेल; पण दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या एका संपूर्ण तहसिलीला त्याने उत्तरेकडे वळवले.

तरी रोजचे आयुष्य वळले नाही. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, भोपाळ अडीचशे. आजारी माणसाला नागपूरच्या दवाखान्यात नेतात, मुले तिथल्या महाविद्यालयांत शिकतात, लग्नाची खरेदी तिथेच होते. सोयरिकी काटोल, नरखेड, वरूड, सावनेर या तालुक्यांशी होतात. एका बहिणीचे मत मुंबईचे सरकार निवडते आणि दुसरीचे भोपाळचे, ही गोष्ट इथल्या कित्येक कुटुंबांत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला नवल वाटत नाही.

या जवळिकीमुळे राजकीय विचारही नागपूरवरूनच आले. १९२५ च्या दसऱ्याला नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला आणि १९५६ च्या दसऱ्याला, राज्य पुनर्रचनेच्या अवघे अठरा दिवस आधी, त्याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. या दोन्ही प्रवाहांना पांढुर्णा-सौसर हा नागपूरचा परिसरच होता. शाखा आणि बुद्धविहार या दोन्ही गोष्टी इथे भोपाळमार्गे आल्या नाहीत. माळवा आणि ग्वाल्हेर ही मध्य प्रदेशातील जनसंघाची जुनी केंद्रे. घाटाखालच्या भागातील संघविचाराची नाळ मात्र थेट नागपूरशी आहे.

१९७७ : एकटी जागा, पण एकटी नव्हे

छिंदवाड्याची ख्याती ‘काँग्रेसचा बालेकिल्ला’ अशी आहे आणि तिचा पुरावा म्हणून नेहमी १९७७ चा दाखला दिला जातो. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत तत्कालीन मध्य प्रदेशातील ४० पैकी एकच जागा काँग्रेसला मिळाली, ती छिंदवाड्याची. गार्गीशंकर मिश्र तेथून निवडून आले. राज्याच्या नकाशावर पाहिले तर हा चमत्कार वाटतो. पण नकाशा थोडा खाली सरकवून पाहिला तर चमत्कार कमी होतो. त्याच निवडणुकीत विदर्भातील अर्ध्याहून अधिक जागा काँग्रेसने राखल्या. लगतच्या नागपूर आणि रामटेकमध्येही काँग्रेसच जिंकली. जनता लाट उत्तर भारतात आली तशी ती सातपुड्याच्या दक्षिणेस आली नव्हती. नसबंदीच्या सक्तीचा हिंदी पट्ट्यात जो संताप होता, त्याची धार इथे बोथट होती. छिंदवाडा त्या वर्षी मध्य प्रदेशापेक्षा विदर्भासारखे वागले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. याचे सारे श्रेय घाटाखालच्या मराठी मतदाराला देता येणार नाही, कारण मतदारसंघात गोंड मतदारांचे प्रमाण मोठे आहे आणि आदिवासी समाजाची काँग्रेसनिष्ठा त्या काळात घट्ट होती. तरीही राज्याच्या सीमारेषेपेक्षा प्रदेशाची जुनी घडण मतदानात अधिक बोलते, याचे ते एक उदाहरण आहे.

बाहेरचा माणूस घरचा कसा झाला

१९८० मध्ये काँग्रेसने छिंदवाड्यात कमलनाथ यांना उभे केले. कानपूरमध्ये जन्मलेला, डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये शिकलेला आणि कोलकात्यात वाढलेला हा तरुण उद्योजक घराण्यातला होता. त्याचा या जिल्ह्याशी काही संबंध नव्हता. इंदिरा गांधींनी प्रचारात आपला तिसरा मुलगा अशी त्याची ओळख करून दिली, ही गोष्ट छिंदवाड्यात आजही सांगितली जाते. त्यानंतर अपवाद वगळता चार दशके ही जागा त्या कुटुंबाकडे राहिली.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांनी १९४९ मध्ये दक्षिणेकडील राज्यांच्या राजकारणावर लिहिताना असे निरीक्षण नोंदवले होते की, पक्षसंघटना दुबळी असेल तेथे मतदार आपल्या गावच्या, शेजारच्या माणसाला मत देतो. छिंदवाड्यात हे नेमके उलटे घडले, आणि त्यामागे तर्क आहे. हा मतदारसंघ आतून फार तुकड्यांचा आहे. वर अमरवाडा-जुन्नारदेवचा गोंड भाग, परासियाचा कोळसा खाणींचा पट्टा, मध्ये छिंदवाडा शहर, चौरईचा हिंदी शेतकरी भाग, आणि खाली कुणबी, तेली, माळी, पवार, बौद्ध आणि गोंड वस्तीचा मराठी पट्टा. यांपैकी कोणत्याही एका भागातला नेता वर गेला असता तर उरलेल्यांना तो ‘त्यांचा’ वाटला असता. कमलनाथ कोणाचेच नव्हते, म्हणून सर्वांचे होऊ शकले. कुणब्याला पवाराचा हेवा करायचे कारण उरले नाही, मराठी माणसाला हिंदी माणसाचा वरचष्मा वाटला नाही. गावकीच्या भांडणात पंच म्हणून परगावचा माणूस बोलावतात, त्यातला हा प्रकार.

शिवाय दिल्लीतले वजन होते. वस्त्रोद्योग, वाणिज्य, रस्ते वाहतूक, नगरविकास अशी केंद्रातली खाती कमलनाथ यांच्याकडे वेळोवेळी होती. सौसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कापड कारखाना १९९१ च्या सुमारास सुरू झाला. नागपूर-छिंदवाडा रस्ता सुधारला, एके काळी डुलत जाणारी छोटी रेल्वे मोठ्या रुळांवर आली. यातले किती एका माणसामुळे आणि किती नागपूर जवळ असल्यामुळे झाले, याचा हिशेब काटेकोरपणे मांडता येत नाही. पण मतदाराने तो आपल्यापुरता मांडला आणि श्रेय दिले.

येथेच आंधळ्या निष्ठेच्या कल्पनेला छेद देणारा प्रसंग येतो. १९९६ मध्ये हवाला प्रकरणात नाव आल्यामुळे कमलनाथ यांनी स्वतः निवडणूक लढवली नाही. पत्नी अलका नाथ निवडून आल्या. पुढे त्यांनी राजीनामा दिला आणि १९९७ च्या पोटनिवडणुकीत कमलनाथ उभे राहिले. भाजपने माजी मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा यांना आणले आणि पटवा जिंकले. छिंदवाडा लोकसभेत काँग्रेसचा तो पहिला पराभव. जागा ही कुटुंबाची ठेव नव्हे, हवी तेव्हा ठेवावी आणि हवी तेव्हा काढावी, असे मतदाराने बजावले, असाच त्या निकालाचा अर्थ लावला गेला. १९९८ मध्ये त्याच मतदाराने कमलनाथ यांना पुन्हा निवडून दिले. राग होता, पण नाते तुटले नव्हते.

विधानसभा आणि लोकसभा यांत वेगळे मत देण्याची सवयही या भागाला जुनी आहे. २०१३ मध्ये जिल्ह्यातील सातपैकी चार विधानसभा जागा भाजपने जिंकल्या. सौसरला नानाभाऊ मोहोड भाजपतर्फे निवडून आले. पुढच्याच वर्षी, नरेंद्र मोदी यांची लाट ऐन भरात असताना, कमलनाथ लाखाहून अधिक मतांनी लोकसभेत गेले. मतदार आमदाराकडून आणि खासदाराकडून वेगवेगळ्या गोष्टी मागत होता: आमदाराकडे रोहित्र, रस्ता, तहसिलीतले काम, खासदाराकडे कारखाना, रेल्वे, नाव. गोव्यात एका विधानसभा मतदारसंघात साधारणतः तीस हजारांच्या आतबाहेर मतदार असतात आणि आमदाराला घरोघरची माणसे नावानिशी ठाऊक असतात. पांढुर्ण्यासारख्या मतदारसंघात हीच संख्या दोन लाखांच्या आसपास जाते. तेथे आमदार हा ओळखीचा चेहरा असला तरी घरचा माणूस होऊ शकत नाही. ती जागा सरपंच, बाजार समितीतला पुढारी किंवा जातसमाजाचा अध्यक्ष घेतो.

कापूस, संत्रा आणि राज्याची रेघ

जमीन दोन्ही बाजूंची सारखीच: काळी माती, कापूस, तूर, आणि ओलिताखाली संत्र्याच्या बागा. वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा राज्याच्या सीमेशी थांबत नाही, तो पांढुर्णा-सौसरपर्यंत पसरतो. पण पीक एक असले तरी धोरण दोन असतात, आणि शेतकऱ्याचे राजकारण धोरणाभोवती घडते.

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याला कापूस सरकारी व्यवस्थेलाच विकावा लागे. बाहेर भाव चढला की विदर्भातला कापूस रातोरात शेजारच्या राज्यांकडे सरकायचा. त्यामुळे विदर्भातील कापूस उत्पादकाचा राग थेट राज्य सरकारवर साठत गेला आणि शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेला तेथे मोठा पाया मिळाला. पांढुर्णा-सौसरच्या शेतकऱ्याने शेजाऱ्याचे हे आंदोलन पाहिले, पण त्याच्यावर ती सक्ती नव्हती. त्याचे भांडण व्यापाऱ्याशी आणि पावसाशी होते; सरकारशी तेवढे नव्हते. एकाच वाणाचा कापूस पिकवणाऱ्या दोन सख्ख्या भावांत एक संघटनेचा बिल्ला लावतो आणि दुसरा लावत नाही, याचे कारण स्वभावात नसून खरेदीच्या कायद्यात असू शकते.

मध्य प्रदेशातही शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, आणि तो पांढुर्ण्याला लागूनच. १२ जानेवारी १९९८ रोजी बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे, नुकसानभरपाईसाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात २४ जणांचा बळी गेला. राज्यात सरकार काँग्रेसचे होते. आंदोलनाचे नेते डॉ. सुनीलम त्याच वर्षी मुलताईतून अपक्ष आमदार म्हणून निवडून आले. पण गोळीबारानंतर काही आठवड्यांतच झालेल्या लोकसभा निवडणुकीत छिंदवाड्याने काँग्रेसच्याच कमलनाथ यांना विजयी केले. इतक्या जवळची आणि इतकी भीषण घटनाही जिल्ह्याची हद्द ओलांडून मत फिरवू शकली नाही. छिंदवाड्यात मत पक्षाच्या राज्य सरकारला नव्हे, एका व्यक्तीला जात होते. म्हणून सरकारचे पापही त्या व्यक्तीच्या खात्यावर चढले नाही.

संत्र्याची गोष्ट अलीकडची. बांगलादेशाने २०१९ पासून संत्र्यावरील आयातशुल्क वाढवत नेले आणि २०२३ पर्यंत ते किलोमागे ८८ टाक्यांवर गेले. नागपुरी संत्र्याचा तो मोठा ग्राहक. भाव पडला तो सीमेच्या दोन्ही बाजूंना. महाराष्ट्र सरकारने निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले ते अर्थातच महाराष्ट्रापुरते. उलट दिशेचेही उदाहरण आहे. मध्य प्रदेशाने ‘लाडली बहना’ योजनेचे दरमहा हजार रुपये जून २०२३ पासून द्यायला सुरुवात केली, तर महाराष्ट्राची ‘लाडकी बहीण’ २०२४ मध्ये आली. म्हणजे सौसरला सासरी असलेल्या बाईला पैसे मिळू लागले तेव्हा सावनेरच्या तिच्या बहिणीला ते मिळत नव्हते. ही तुलना घराघरांत झाली असणारच. मध्य प्रदेशातील भाजपच्या २०२३ च्या विजयाचे श्रेय सर्रास या योजनेला दिले जाते. पण योजना पोहोचलेली असूनही पांढुर्णा आणि सौसर भाजपला मिळाले नाहीत. सरकारी लाभ मत फिरवतो हे खरे, मात्र जेथे दुसरे नाते अधिक जुने असते तेथे तो घेतला जातो आणि मत जिथल्या तिथे राहते.

राखीव जागा आणि जातींचे गणित

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत पांढुर्णा विधानसभा जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. त्यापूर्वी ती खुली होती आणि स्थानिक बहुसंख्य शेतकरी जातींचे पुढारी तेथे आपसांत झुंजत. आरक्षणानंतर दोन्ही प्रमुख पक्षांचे उमेदवार गोंड समाजातून येऊ लागले. उईके, कवरेती अशी आडनावे मतपत्रिकेवर ठळक झाली. २०१८ आणि २०२३ मध्ये काँग्रेसचे नीलेश उईके निवडून आले. त्यांच्याविरुद्ध २०२३ मध्ये भाजपने माजी न्यायाधीश प्रकाश उईके यांना उभे केले होते.

याचा परिणाम दुहेरी झाला. कुणबी, पवार, तेली या समाजांतील महत्त्वाकांक्षी पुढाऱ्यांना आमदारकीचा दरवाजा पांढुर्ण्यात बंद झाला. त्यांची चढाओढ खुल्या राहिलेल्या सौसरकडे, तसेच नगरपालिका, जनपद पंचायत आणि बाजार समितीकडे सरकली. त्याच वेळी बिगर-आदिवासी मतदाराला जातीचा उमेदवार समोर नसल्याने पक्ष आणि वरचा नेता यांकडे पाहून मत देणे भाग पडले. आदिवासी मतदाराचे मोल मात्र वाढले. गोंडवाना गणतंत्र पक्षाने २००३ मध्ये जिल्ह्यातील अमरवाडा जिंकून दाखवले होते. गोंड मत गृहीत धरता येत नाही, हे तेव्हापासून काँग्रेस आणि भाजप दोघांनाही कळले. पांढुर्ण्याच्या गोंड कुटुंबांतील अनेकांना मराठीही तितकीच सराईत आहे. तेव्हा ‘मराठी मतदार’ आणि ‘आदिवासी मतदार’ असे दोन वेगळे गठ्ठे कल्पून केलेली गणिते इथे हमखास चुकतात.

भाषा केव्हा जागी होते

तरीही भाषिक अस्मिता अगदीच निद्रिस्त आहे असे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सौसर येथे परवानगीविना बसवलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा प्रशासनाने यंत्र लावून हटवला, तेव्हा गाव पेटून उठले. राज्यात त्या वेळी काँग्रेसचे सरकार आणि मुख्यमंत्री खुद्द कमलनाथ. बाजारपेठ बंद झाली, महामार्ग अडला, भाजपने मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही हा विषय उचलला. अखेर पुतळा सन्मानाने उभारण्याची ग्वाही द्यावी लागली. एरवी हिंदीत अर्ज लिहिणारा, हिंदीत शिकणारा समाज एका दिवसात मराठी म्हणून रस्त्यावर आला. पण २०२३ मध्ये त्याच सौसरने काँग्रेसचे विजय चोरे यांना दुसऱ्यांदा आमदार केले. अस्मितेचा अपमान सहन केला नाही, आणि तिचे स्वतंत्र राजकारणही केले नाही. मराठी पक्ष, मराठी उमेदवार, मराठी जाहीरनामा यांची मागणी इथून कधी जोर धरून उठली नाही. कारण दोन्ही पक्षांचे स्थानिक पुढारी मराठीच आहेत. गावातल्या सभेत भाषण मराठीत होते, ‘भाऊ’ अशीच हाक मारली जाते. जी गोष्ट दोन्ही बाजूंना सारखीच आहे तिच्यावर निवडणूक लढवता येत नाही.

गोटमारीचेही तसेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव परस्परांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, काही वर्षी माणसेही दगावली आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ऐकले नाही. प्रथा बंद करा असे ठामपणे म्हणण्याचे धाडस कोणत्याच पक्षाच्या स्थानिक नेत्याला होत नाही. हा विषय मतदानाच्या बाहेर ठेवण्यावर सर्वांचे मूक एकमत आहे, आणि असे एकमतही राजकीय घडणीचाच भाग असते.

जिल्हा मिळाला, मत का नाही?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. स्वतंत्र जिल्ह्याची मागणी जुनी होती आणि तिच्यात तथ्य होते: पांढुर्ण्याच्या माणसाला जिल्हा कचेरीसाठी घाट चढून नव्वद-शंभर किलोमीटरवरच्या छिंदवाड्याला जावे लागे. २४ ऑगस्ट २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जामसावळीच्या हनुमान मंदिराच्या परिसरात जिल्ह्याची घोषणा केली. ५ ऑक्टोबरला जिल्हा झाला आणि ९ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. चार दिवसांच्या जिल्ह्यात कार्यालये उभी राहणे शक्य नव्हते. मतदाराच्या हाती पाटी आली होती, सोय यायची होती. शिवाय लाभ सारखा नव्हता. पांढुर्ण्याला मुख्यालय मिळाले. सौसरकरांना मात्र महामार्गावरून पन्नासेक किलोमीटरचे छिंदवाडा सवयीचे होते, त्यांना नव्या मुख्यालयाचे तितके अप्रूप असण्याचे कारण नव्हते.

त्याहून मोठे कारण भोपाळच्या खुर्चीचे होते. २०१८ मध्ये कमलनाथ मुख्यमंत्री होणार या अपेक्षेने जिल्ह्याने सातही जागा काँग्रेसला दिल्या आणि ते झालेही. मार्च २०२० मध्ये पंधरा महिन्यांनी सरकार पडले. २०२३ मध्ये तोच डाव पुन्हा मांडला गेला होता. जिल्ह्यातून मुख्यमंत्री मिळण्याची शक्यता असताना एका नव्या जिल्ह्याची किंमत कमी ठरली. पुन्हा सातही जागा काँग्रेसला गेल्या.

निकालाने मात्र ती अपेक्षा संपवली. डिसेंबरमध्ये कमलनाथ यांचे प्रदेशाध्यक्षपद गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते स्वतःच भाजपमध्ये जाणार अशा बातम्या कित्येक दिवस चालल्या. ते गेले नाहीत, पण जवळचे सहकारी जाऊ लागले. अमरवाड्याचे आमदार कमलेश शाह आणि छिंदवाड्याचे माजी मंत्री दीपक सक्सेना निवडणुकीच्या तोंडावर भाजपमध्ये दाखल झाले. ज्या कार्यकर्त्याने चाळीस वर्षे ‘साहेब’ म्हणून मते मागितली, त्याला साहेबच थांबणार की नाही हे सांगता येईना. उमेदवार होते पुत्र नकुलनाथ. २०१९ मध्ये तेच ३७,५३६ मतांनी जिंकले होते, आणि तेव्हा राज्यातील २९ पैकी काँग्रेसची ती एकमेव जागा होती. आधीची मोठी आघाडी आटत चालल्याची ती खूण होती. २०२४ मध्ये भाजपच्या विवेक ‘बंटी’ साहू यांनी त्यांना हरवले. मतदान ऐंशी टक्क्यांच्या आसपास झाले. म्हणजे काँग्रेसचा मतदार घरी बसल्याने हा पराभव झाला असे म्हणायला जागा नाही.

पांढुर्णा-सौसरच्या मतदाराने २०२३ मध्ये आणि २०२४ मध्ये एकच हिशेब केला होता, असे दिसते: आपले काम कोणाच्या हातून होईल आणि त्या हातात किती बळ उरले आहे. पहिल्या वेळी उत्तर एक आले, दुसऱ्या वेळी दुसरे. भाषेने या हिशेबात भाग घेतला नाही, जातीने थोडा घेतला, पिकाने थोडा, आणि जुन्या नात्याने पुष्कळ; पण नात्यातला माणूस डळमळताना दिसला तेव्हा तेही पुरेसे पडले नाही.

सध्या या जिल्ह्याचे दोन्ही आमदार काँग्रेसचे आणि खासदार भाजपचा आहे. पुढची विधानसभा निवडणूक २०२८ मध्ये होईल. जनगणनेनंतर मतदारसंघांची नवी आखणी व्हायची आहे. पांढुर्णा राखीव राहणार की खुले होणार, आणि घाटाखालचे हे दोन मराठी तालुके पुढेही छिंदवाड्याच्याच लोकसभा मतदारसंघात राहणार की अन्यत्र जोडले जाणार, हे त्या आखणीत ठरेल.